तापाच्या रकान्यातील मृत्यू : वऱ्हाडातील क्षयनिवारणाची स्थानिक धडपड



स्मृतिव्याख्यान देणाऱ्याने ज्यांचे स्मरण करावयाचे त्यांचा केवळ गुणगौरव करून थांबू नये, तर ज्या सामान्य जनांच्या सुखदुःखाची त्यांनी काळजी वाहिली त्या जनांकडे श्रोत्यांचे लक्ष वळवावे, अशी माझी समजूत आहे. म्हणून आज मी गेल्या शतकाच्या पहिल्या चार दशकांतील अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांच्या अशा रहिवाशांविषयी बोलणार आहे, ज्यांच्या मृत्यूची नोंद सरकारी दफ्तरात झाली, परंतु ज्यांच्या रोगाची नोंद झाली नाही. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. क्षयाशी वऱ्हाडात जो सामना झाला त्यात वैद्यकाचे बळ तोकडे होते हे खरे, पण त्याहून मोठे व्यंग हे होते की, गाजावाजा करीत येणाऱ्या साथींसाठी आपल्या स्थानिक संस्थांनी पैसा, माणसे आणि कायदे उभे केले, आणि घराघरांत मुकाट्याने वर्षानुवर्षे माणसे खाणाऱ्या या रोगाला मात्र त्यांच्या कारभारात स्वतंत्र जागाच नव्हती.

राजयक्ष्मा हे नाव आपल्या वैद्यकाला प्राचीन काळापासून ठाऊक आहे. चरकसंहितेत त्याचे स्वतंत्र प्रकरण असून सितोपलादी चूर्णासारखे घरोघर परिचित औषध त्याच प्रकरणातून आलेले आहे. दुपारनंतर चढणारा बारीक ताप, न हटणारा खोकला, रात्रीचा घाम, दिवसेंदिवस झडत जाणारे अंग ही लक्षणे आपल्या आजी-पणज्यांना कोणी शिकवावी लागली नव्हती. परंतु रोग ओळखता येणे वेगळे आणि तो टाळता येईल असा भरवसा असणे वेगळे. हा रोग कुळात असतो, नशिबात असतो, अशी समजूत जशी येथे होती तशीच युरोपातही होती. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवून दिला तेव्हा ती ढासळली. रोग जर एका माणसाच्या श्वासातून आणि थुंकीतून दुसऱ्याकडे जातो, तर तो अडवणे हे केवळ कुटुंबाचे दुर्दैव राहत नाही, ते नगराचे कर्तव्य ठरते. आणि एडिंबरो येथे रॉबर्ट फिलिप यांनी १८८७ साली क्षयरोग्यांसाठी दवाखाना उघडून रोग्याच्या घरी जाऊन त्याची राहणी, त्याची खोली, त्याच्या मुलाबाळांची प्रकृती पाहण्याचा जो शिरस्ता घातला, त्याच्या मुळाशी हाच विचार होता. दुर्दैवाने ज्ञान जितक्या वेगाने जगभर पसरते तितक्या वेगाने ते नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात उतरत नाही.

त्या काळचे वऱ्हाड कसे होते? १८५३ च्या तहाने निजामाचा हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली आला, १९०२ च्या कराराने तो कायम इजाऱ्याने त्यांच्याकडे राहिला आणि १९०३ पासून मध्यप्रांताला जोडला गेला. अमेरिकेतील यादवीच्या काळात या काळ्या जमिनीतील कापसाला जी किंमत आली आणि त्यापाठोपाठ नागपूरपर्यंत पोहोचलेल्या रेल्वेने त्या कापसाला मुंबईची जी वाट दिली, तिने अमरावती, अकोला, खामगाव, कारंजा या गावांचे रूप पालटले. १९०१ च्या खानेसुमारीत अमरावती शहराची वस्ती ३४,२१६ आणि अकोल्याची २९,२८९ भरली. आजच्या मानाने हे आकडे लहान वाटतील. परंतु ही माणसे कशी राहत होती हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचा अर्थ कळतो.

अमरावतीचा परकोट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेंढाऱ्यांच्या भयाने, धनिक व्यापाऱ्यांच्या रक्षणासाठी निजामाच्या अमलात बांधला गेला. पेंढारी गेले, परकोट राहिला, आणि अंबागेट, जवाहरगेट, नागपुरी गेट यांच्या आत बुधवारा, सक्करसाथ यांसारख्या पेठा दाटत गेल्या. वऱ्हाडचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे त्यांना येथील घरांची रचना समजावून सांगण्याचे कारण नाही: जाड भिंती, धाब्याचे छत, समोर ओसरी, मागे माजघर, आणि उजेड-वारा येण्यासाठी एखादे गवाक्ष. वैशाखातील उन्हापासून जीव वाचवणारी हीच रचना पावसाळ्यात आणि हिवाळ्यात जंतूंचेही रक्षण करी. कारण क्षयाचा जंतू सूर्यप्रकाशात लवकर मरतो आणि कोंदट अंधारात दीर्घकाळ तग धरतो. ज्या घरात एक खोकणारा माणूस आहे त्या घरात तो बहुधा सर्वांत आतल्या, सर्वांत अंधाऱ्या खोलीत निजवला जाई, आणि हे प्रेमापोटी, थंडीवारा लागू नये म्हणून होई. माया आणि अज्ञान एकाच घरात नांदत असताना मायेचेच हत्यार होते, याचे याहून दुःखद उदाहरण मला माहीत नाही.

घराबाहेर कापसातून सरकी वेगळी करणारे जिन होते. दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत कापसाचा हंगाम चाले, आणि आसपासच्या खेड्यांतून आलेल्या स्त्रीपुरुषांच्या टोळ्या, त्यांत स्त्रिया पुष्कळ, रेच्यांच्या पुढे सरकी-रुईच्या फुफाट्यात उभ्या असत. बडनेऱ्याला कापडाची गिरणी होती, अकोल्यासही गिरण्या निघाल्या. कापसाची धूळ स्वतः क्षय उत्पन्न करीत नाही. परंतु बंद छपरीत दाटीवाटीने चाललेले काम, अपुरे अन्न आणि रात्री एकाच खोपटात झोपणारी दहा माणसे यांची जेथे गाठ पडते तेथे एकाचा खोकला सर्वांचा व्हायला फार अवधी लागत नाही. हंगाम संपला की ही माणसे आपापल्या गावी परतत, आणि शहरात घेतलेला रोग त्यांच्याबरोबर अशा वाड्यांपर्यंत जाई की जेथे दवाखान्याचे नावही ऐकू येत नसे.

आता दफ्तराकडे वळू. गावात मृत्यू झाला म्हणजे कोतवालाने वर्दी द्यायची आणि पोलीस पाटलाने जन्ममृत्यूच्या पुस्तकात तो लिहायचा, अशी पद्धत होती. पुस्तकात मृत्यूच्या कारणांचे मोजके रकाने असत: महामारी म्हणजे पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण-अतिसार, श्वासाचे विकार, अपघात व सर्पदंश, आणि उरलेले सर्व ‘इतर’. पाटील हा वैद्य नव्हता, आणि त्याने वैद्य असावे अशी अपेक्षाही न्याय्य नव्हती. मरण्यापूर्वी माणसाला ताप होता एवढे त्याला ठाऊक असे, म्हणून तो ‘ताप’ लिही. हिवतापाने तीन दिवसांत गेलेला तरुण, बाळंतरोगाने गेलेली स्त्री आणि दोन वर्षे झिजून क्षयाने गेलेला विणकर हे तिघेही एकाच रकान्यात येऊन पडत; थोडी अधिक चौकशी झाली तर क्षयाचा रोगी ‘श्वासाच्या विकारां’त जाई. गावोगावच्या या बेरजा तहसिलीत, तेथून जिल्ह्यात आणि तेथून प्रांताच्या वार्षिक अहवालात जात, आणि बहुसंख्य लोक ‘तापाने’ मेले असे त्यांतून निष्पन्न होई.

सभ्यहो, हा केवळ लेखनिकाचा दोष मानून सोडून देण्याजोगा विषय नाही. सरकारी कारभारात खर्चाची मंजुरी आकड्याच्या मागोमाग चालते. महामारीला रकाना होता, म्हणून बहिरमच्या यात्रेत पाण्याचा बंदोबस्त करण्यासाठी, विहिरींत औषध टाकण्यासाठी माणसे नेमता येत. देवीला रकाना होता, म्हणून लसटोचणीची खेपेनुसार हजेरी घेता येई. प्लेगला रकाना होता, म्हणून उंदीर पडताच गाव मोकळे करून माळावर झोपड्या घालण्याचा हुकूम निघे. क्षयाला रकाना नव्हता. म्हणून त्याच्यासाठी मागणी करणाऱ्याला सभागृहात पुढे ठेवण्यासारखा पुरावा नव्हता, आणि पुरावा नाही म्हणून तरतूद नाही, आणि तरतूद नाही म्हणून चौकशी नाही, असे हे दुष्टचक्र पिढीभर फिरत राहिले.

याची दुसरी बाजू कुष्ठरोगाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. क्षय आणि कुष्ठ या दोहोंचे जंतू एकाच कुळातले आहेत. परंतु कुष्ठ चेहऱ्यावर आणि बोटांवर दिसतो, रस्त्यावर दिसतो, मंदिराच्या दाराशी दिसतो. म्हणून एलिचपूरजवळ कोठारा येथे मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उभारला, आणि पुढे १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीच्या तपोवनात त्या सेवेला स्वावलंबनाची आणि आत्मसन्मानाची जोड दिली. त्या कार्यापुढे आपण सर्वांनी नतमस्तक व्हावे असेच ते आहे. मला एवढेच सुचवायचे आहे की, जो रोग डोळ्यांना दिसला त्याने समाजाच्या करुणेला हाक मारली. जो माजघरात लपला त्याने मारलेली हाक समाजाला ऐकूच गेली नाही.

मग स्थानिक संस्थांनी काहीच केले नाही काय? असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. १८८५ च्या ग्रामीण बोर्डांच्या आणि १८८६ च्या म्युनिसिपल कायद्याने वऱ्हाडात स्थानिक स्वराज्याची जी चौकट आली, तिच्यात दादासाहेब खापर्डे, रंगनाथपंत मुधोळकर यांच्यासारख्या पुढाऱ्यांची पिढी सार्वजनिक कार्यात वावरत होती. वडाळी आणि छत्री तलावांचे पाणी अमरावतीला आणि कापशीच्या तलावाचे पाणी अकोल्याला मिळाले, गटारे झाली, बाजार बांधले गेले, मैला दूर नेण्याची व्यवस्था झाली. ही कामे कोणी क्षयासाठी केली नाहीत. तरीही हगवण आणि महामारी कमी झाली की मूल सशक्त राहते, आणि सशक्त मूल क्षयाच्या जंतूला अधिक काळ थोपवते, हा संबंध खरा आहे. प्लेगच्या भीतीने महिनोन्‌महिने माळावर उघड्या हवेत राहावे लागलेल्या कुटुंबांनी नकळत तोच उपचार घेतला, ज्याला त्याच काळात युरोपातील आरोग्यधामे शास्त्राचे नाव देत होती.

उघड्या हवेच्या या उपचारपद्धतीची पहिली आरोग्यधामे हिंदुस्थानात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून निघू लागली: अजमेरजवळ तिलौनिया येथे १९०६ मध्ये, त्यानंतर अल्मोडा, धरमपूर, भोवाली येथे. महाराष्ट्रात डॉ. बिलिमोरियांचे पाचगणीचे बेल-एअर १९१२ साली निघाले, आणि मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या मिशनने १९२० च्या सुमारास वॉनलेसवाडीचे आरोग्यधाम उभे केले. वऱ्हाडातल्या रोग्याला तेथे पोहोचायचे तर बडनेऱ्याहून गाडी धरून भुसावळ, कल्याण, पुणे असा प्रवास करावा लागे. पूर्वेकडे जायचे तर बिलासपूरच्या पुढे पेंड्रा रोडचे आरोग्यधाम. ज्याच्याजवळ इस्टेट होती त्याने ती विकून हा प्रवास केला. ज्याच्याजवळ दोन एकर कोरडवाहू होते त्याने गावच्या वैद्याकडून वसंतमालती घेतली आणि ओसरीवर खाट टाकली. आपल्या सातपुड्यात चिखलदरा साडेतीन हजार फुटांहून उंच आहे, तेथील हवा शुद्ध आहे. परंतु ती उंची त्या काळी साहेबांच्या उन्हाळी मुक्कामासाठी ओळखली जात असे.

रोग केवळ गरिबांनाच ग्रासीत होता असे मात्र नाही. अमेरिकेतून वैद्यकीची पदवी घेऊन आलेल्या आनंदीबाई जोशी १८८७ मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी क्षयानेच गेल्या. मराठी रंगभूमीला आणि काव्याला नवे तेज देणारे राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी, वऱ्हाडाच्या उंबरठ्यावर असलेल्या सावनेर येथे, ऐन तेहतिशीत याच रोगाने निवर्तले. ही नावे आपल्याला आठवतात, कारण त्यांनी पुस्तके किंवा पदव्या मागे ठेवल्या. ज्यांनी काहीच ठेवले नाही अशांची संख्या किती होती, याचा शोध घेण्याचे काम १९१४ मध्ये डॉ. आर्थर लँकेस्टर यांच्याकडे आले. देशभर फिरून त्यांनी जी पाहणी केली, आणि १९२० मध्ये जी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, तिच्यात तीन गोष्टी ठळक होत्या. रोग शहरांतून खेड्यांकडे पसरत होता, दाटीची आणि कोंदट घरे त्याला पोसत होती, आणि पडदा व बालविवाह यांच्या जोडीने तो तरुण स्त्रियांना विशेष लवकर गाठीत होता.

या तिसऱ्या मुद्द्यापाशी मला थोडे थांबायचे आहे, कारण वऱ्हाडात त्याचा अर्थ फार प्रत्यक्ष होता. येथील वतनदार देशमुख घराण्यांतून आणि मुसलमान कुटुंबांतून पडद्याची चाल होती. वाड्याच्या आतल्या चौकापलीकडे ऊन न पाहिलेल्या मुली पंधरासोळाव्या वर्षी आया होत. बाळंतिणीची खोली म्हणजे घरातील सर्वांत अंधारी खोली, खिडकीला चिंध्या, आत शेगडी, आणि शेजारी खोकणारी सासू. अशा स्त्रीला पुरुष डॉक्टर तपासू शकत नसे. म्हणून १८८५ च्या डफरिन फंडाच्या प्रेरणेतून निघालेली स्त्रियांची रुग्णालये, अमरावतीचे डफरीन हे त्यांपैकी एक, आणि १९०३ पासून लेडी कर्झन यांच्या निधीतून चाललेले सुइणींचे शिक्षण यांना क्षयनिवारणाच्या इतिहासात फार मोठे स्थान दिले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी उघडायला लावणारी शिकलेली सुईण जेथे पोहोचली, तेथे क्षयाची एक वाट बंद झाली.

१९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाने मध्यप्रांत आणि वऱ्हाडात जो हाहाकार उडवला त्याने फुप्फुसाच्या विकारांकडे पाहण्याची दृष्टी बदलायला हवी होती. त्यानंतर लवकरच १९१९ च्या सुधारणांनी आरोग्य आणि स्थानिक स्वराज्य ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे आली, १९२० आणि १९२२ च्या कायद्यांनी जिल्हा कौन्सिले व म्युनिसिपालिट्यांचे अधिकार वाढले. अधिकार आले, पण पैसा आला नाही. शाळा, रस्ते आणि दवाखाने यांच्या ओढाताणीत वर्षाचा खर्च संपे. ही उणीव लोकशिक्षणाने भरून काढण्याचा प्रयत्न तेव्हा सुरू झाला. १९२९ मध्ये व्हाइसरॉय आयर्विन यांच्या आवाहनावरून राजे पंचम जॉर्ज यांच्या आजारमुक्तीप्रीत्यर्थ जमलेला निधी क्षयाविषयीच्या प्रचारासाठी रेडक्रॉसकडे सोपवण्यात आला. त्याच आयर्विन साहेबांचे नाव अमरावतीच्या सरकारी रुग्णालयाला मिळाले आणि लोकांच्या तोंडी ते आजही आहे. १९३७ च्या अखेरीस व्हाइसरॉयपत्नी लेडी लिनलिथगो यांनी केलेल्या आवाहनातून मोठा निधी उभा राहिला, त्याचा बहुतांश भाग प्रांतांकडे परत गेला, आणि १९३९ मध्ये अखिल भारतीय क्षयनिवारक संस्थेची स्थापना झाली. उघड्यावर थुंकू नये, थुंकी जाळावी, रोग्याचे भांडे निराळे ठेवावे, खिडक्या उघडाव्या, हा उपदेश चित्रांतून आणि भाषणांतून गावोगाव जाऊ लागला.

परंतु वऱ्हाडात या उपदेशासाठी जमीन आधीच नांगरली गेली होती, आणि ती नांगरणारा पुरुष कोणत्याही खात्याचा नोकर नव्हता. १८७६ मध्ये शेणगावी जन्मलेले डेबूजी, म्हणजे आपले गाडगेबाबा, १९०५ मध्ये घर सोडून निघाले आणि पुढे अर्धशतक गावोगाव हातात खराटा घेऊन हिंडले. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तनात लोकांच्या मनातील केर काढावा, हा त्यांचा क्रम होता. त्यांनी जंतुशास्त्र सांगितले नाही. गाव स्वच्छ ठेवणे हे देवाचे काम आहे, मुलांना शिकवा, कर्ज काढून सण करू नका, एवढेच सांगितले. क्षयाची मुळे ज्या मातीत रुजतात ती घाणीची, कर्जाची आणि उपासमारीची माती त्यांना नेमकी ठाऊक होती. १९१४ मध्ये अमरावतीच्या वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या हनुमान आखाड्यानेही तरुणांना मोकळ्या मैदानात आणले. हेतू राष्ट्रकार्याचा होता, पण लाभ फुप्फुसांनाही झाला.

१९४३ ते १९४६ या काळात देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी केलेल्या भोर समितीने हिशेब मांडला तेव्हा देशात सुमारे २५ लाख क्षयरोगी, वर्षाला सुमारे ५ लाख मृत्यू आणि त्यांच्यासाठी अवघ्या सहा हजारांच्या आसपास खाटा असे चित्र निघाले. त्याच सुमारास क्षयावर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन आले, पुढे १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले, आणि १९५६ पासून मद्रास येथे झालेल्या प्रयोगाने सिद्ध केले की औषध नियमित मिळाले तर रोगी घरी राहूनही आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो. गरीब देशासाठी हा फार मोठा दिलासा होता. परंतु त्यापायी आपण एक चूक केली: औषध हाती आले म्हणून घर, अन्न आणि घरोघरची चौकशी यांचे महत्त्व संपले असे मानले.

ते संपलेले नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झारखंडातील अभ्यासाने दाखवून दिले की, क्षयरोग्याच्या कुटुंबाला पुरेसा शिधा दिला तर घरातील इतरांना फुप्फुसाचा क्षय होण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटते. उपचार चालू असलेल्या रोग्याला पोषणासाठी सरकार दरमहा जे पाचशे रुपये देत असे ते २०२४ च्या अखेरीस एक हजार झाले, तेही याच जाणिवेने. ज्या सुइणीने खिडकी उघडली, ज्या कीर्तनकाराने कर्जाविरुद्ध सांगितले, ज्या म्युनिसिपालिटीने तलावाचे पाणी आणले, त्यांची दिशा बरोबर होती. उणीव होती ती रोग्याला नावाने ओळखून त्याच्या दारापर्यंत जाण्याची.

म्हणून अमरावती आणि अकोला येथील आजच्या महानगरपालिकांकडे आणि जिल्हा परिषदांकडे, ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांच्या नावाने, माझे मागणे आहे. जिनिंगच्या हंगामात प्रत्येक जिनाच्या फाटकावर कामगारांची तपासणी व्हावी, आणि ती जिनमालकाच्या मेहेरबानीवर सोडू नये. मेळघाटात औषधाबरोबर धान्य पोहोचावे. ज्या घरात क्षयाचा एक रोगी निघेल त्या घरातील प्रत्येक माणसाची चौकशी पंधरा दिवसांच्या आत व्हावी. घरकुलाचा नकाशा मंजूर करताना प्रत्येक खोलीला समोरासमोर खिडक्या आहेत की नाहीत हे पाहण्याची जबाबदारी एका ठरावीक अधिकाऱ्यावर असावी, आणि या सर्व कामाचा आकडा दरवर्षी सभागृहात नागरिकांसमोर वाचला जावा. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवे शास्त्र लागत नाही, दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. लागते ती स्थानिक स्वराज्याच्या अंगी असावयाची जबाबदारीची जाणीव, आणि ती जागी ठेवण्याचे काम तुमचे आणि माझे, मतदार म्हणून आणि शेजारी म्हणून, आहे.